वॉकीटॉकी ब्लीचच्या बादलीत बुडवल्याबाबत

नाव: एलिसेओ कांतू. वय: तेवीस. धंदा: सान हेरोनिमो हॉस्पिटलच्या तातडीच्या दारावर सुरक्षारक्षक, त्याआधी कांद्याच्या शेडमध्ये, त्याआधी जत्रेतल्या पाळण्यावर. राहणार: लारेडो, टेक्सास, चुलतबहीण दालिया आणि तिचा नवरा ऑस्कर गार्सा यांच्या घरी, मागच्या खोलीत.

मी समक्ष हजर राहून स्वतःच्या हाताने लिहून देतो की, हा जबाब मी सोमवारीच द्यायला हवा होता. आज गुरुवार. सोमवारी पोलीस ठाण्यावर आलो, बाहेर पार्किंगमध्ये बसलो आणि परत गेलो. मंगळवारी पेन नाही म्हणालो. ऑफिसर पेन्या मॅडमनी पेन पुढे केलं, तेव्हा पोटात दुखतंय म्हणालो. ऑस्कर गार्सा आमचे सुपरवायझर आहेत आणि मी त्यांच्याच घरात जेवतो. उशिराचं कारण एवढंच.

आम्ही स्वच्छता पाळत नव्हतो असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा ताप आम्ही मोजायचो, हातावर सॅनिटायझर द्यायचो, मास्क नाकावर घ्यायला लावायचो. स्वतःचे हात तर इतके धुतले की बोटांना चिरा पडल्या. लिंबू कापवत नव्हतं. जत्रेत असताना मी आठवड्यातून एकदा आंघोळ करायचो आणि कधी शिंकलोसुद्धा नाही. (मॅडम म्हणतात, विषयाला धरून लिही.)

विषय वॉकीटॉकीचा. दारांवर मिळून तीन होते. पाळी बदलताना तो खाली ठेवायचा नाही, हा आमचा रिवाज. दार एक क्षणही मुकं राहू नये म्हणून. जाणारा त्यात 'दार सोडलं' म्हणतो, चालू वॉकीटॉकी तसाच येणाऱ्याच्या हातात देतो, येणारा 'दार घेतलं' म्हणतो. मास्कमधून बोललेलं कंट्रोल रूमला कळत नसे. "तोंडात टॉर्टिया कोंबलाय का रे? नीट बोल!" असं तिथून ओरडायचे. म्हणून मास्क हनुवटीवर ओढायचा, जाळीला ओठ लावून बोलायचं, मास्क परत वर. मग सॅनिटायझर. हातांना.

डॉन फिदेल आर्रियागा आमच्यात सगळ्यांत मोठे, म्हणून मानाने 'डॉन'. त्यांची पाळी माझ्या आधी. जाळी शर्टाला पुसायचे आणि म्हणायचे, "घे पोरा, गरमागरम." जुलैच्या सुरुवातीला ते आमच्याच दारातून पेशंट म्हणून आत गेले. ताप मीच मोजला. "जरा कमी दाखव की," म्हणाले.

नंतर माझीही तपासणी झाली. मला कोरोना होऊन गेला होता, कळलाच नव्हता. त्यांच्या आधी की नंतर, ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं.

मागच्या शुक्रवारी दुपारी दारावर नोएमी ट्रेविन्यो होती, आणि मी. डॉन फिदेलची बायको आम्पारोताई ब्लँकेट घेऊन आली.

"नोएमी, तू माझ्या घरी जेवलीयस."

"हो, आम्पारोताई."

"मग हो बाजूला."

नोएमी बाजूला झाली नाही. भेटायला बंदी होती. ब्लँकेटही आत जात नव्हतं. आम्पारोताई ते घेऊन घरी गेली. शनिवारी सकाळी डॉन फिदेल वारले.

त्याच सकाळी गार्सा दारावर आले. तिथे आम्ही तिघेच. नोएमीने जंतुनाशक वाइप्स मागितले.

"वाइप्स वॉर्डसाठी," गार्सा म्हणाले. "दारवाल्यांसाठी नाहीत."

"मग ह्या वॉकीटॉकींचं काय करू, बॉस? सगळे ह्यांनाच तोंड लावतोय आपण."

"बाप्तिस्मा दे त्यांना. ब्लीचच्या बादलीत." असं म्हणून ते हसले. मीही हसलो. नोएमी हसली नाही.

तिने सफाईवाल्यांकडून बादली आणली. हातमोजे घातले. तिन्ही वॉकीटॉकी बुडवले, बाहेर काढून जुन्या टूथब्रशने जाळ्या घासल्या आणि टॉवेलवर ओळीने वाळत ठेवले. ते परत सुरू झाले नाहीत. खुन्नस काढायला आलेला माणूस टूथब्रश आणत नाही, असं माझं म्हणणं आहे.

दुपारी मागच्या दारावर एक माणूस आईला बघायला जबरदस्तीने घुसला. तिथला रक्षक सिमोन लूना आडवा गेला, तर ढकलला गेला आणि डोकं पायरीवर आपटलं. हाक मारायला वॉकीटॉकी नव्हता. तो कोणाला दिसला तोवर उशीर झाला होता. सिमोन अजून शुद्धीवर नाही.

गार्सांनी लिहून दिलंय की नोएमीने रागाच्या भरात मुद्दाम नासधूस केली, आणि आपल्याला काही माहीत नव्हतं. त्यावरून ती कोठडीत आहे. रविवारी जेवताना ते मला म्हणाले, "तू काही ऐकलं नाहीस. बरोबर?" दालिया पाठमोरी टॉर्टिया शेकत होती. मी बीन्स वाढून घेतले. चांगले झाले होते.

तर आता लिहितो. ऐकलं. शब्द वर दिलेत तेच. बुडवायला त्यांनीच सांगितलं, थट्टेत का होईना. आणि वाइप्स मागितले होते, ते थट्टेत नव्हते.

हा मजकूर पेन्या मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. अक्षर माझं, म्हणणंही माझंच. कोणी धाक घातला नाही, निदान इथे तरी.

सहीआधी एक भर. आत्ता वाचन संपता संपता दालिया ठाण्यात आली आहे. मी तिला बोलावलं नव्हतं. काम काय म्हणून मॅडमनी विचारलं, तर म्हणाली, "ह्याचं झालं की माझं लिहून घ्या." मास्क लावून दाराशी उभी आहे. बसत नाही. तिच्याजवळ दोन बॅगा आहेत. एक माझी. दुसरी तिची स्वतःची, गार्सांची नाही.