आबांच्या टेबलावरचा फोन

आदरणीय अध्यक्षा, अर्थात आपल्या अधिष्ठाता मॅडम, व्यासपीठावरील ज्येष्ठ प्राध्यापक, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे आबा, वहिनी, आणि या मेडिकल कॉलेजातल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी शरीररचना विभागातला प्रयोगशाळा सहायक. हाडं मोजून कपाटात ठेवणं हे माझं काम, भाषण हे नव्हे. तरी आबांनी माझंच नाव सुचवलं. का, ते मला उमगलेलं नाही. अलीकडे बऱ्याच गोष्टी उमगत नाहीत.

आबांनी एकतीस वर्षं प्रवेश विभाग सांभाळला, आता ते निवृत्त होताहेत. प्रतीक्षा यादी लागली की पालक त्यांच्या टेबलाला गराडा घालायचे. "आमचा नंबर लागेल का हो?" उत्तर ठरलेलं. "शक्यता विचारू नका. जागा सुटली की मी फोन करीन. फोनजवळ बसा." मी मनात म्हणायचो, काय कोरडा माणूस आहे. पण जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. यंदा माझीच मुलगी त्या यादीत आहे, नववी.

मीही आबांना विचारलं. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्लेला, तरी तेच उत्तर. मग मी जुन्या याद्या काढल्या. गेल्या वर्षी अकरा जणांना बोलावलं, त्याआधी दोघांनाच. आपले संख्याशास्त्राचे सर म्हणाले, सरासरी साडेसहा. सर, समोरच बसला आहात म्हणून विचारतो, त्यावर मी हसायचं होतं की रडायचं?

कालपर्यंत आठ जण आत गेले. आता ती पहिली. एका मुलाला दुसरीकडेही प्रवेश मिळालाय म्हणे. त्यानं आज पाचच्या आत इथली जागा सोडली, तर माझी मुलगी डॉक्टर होईल. नाही तर पुन्हा एक वर्ष तीच पुस्तकं. लोकाच्या पोरानं जावं म्हणून मी हात जोडतोय, हे चांगलं की वाईट? त्याचं भलंच व्हावं, फक्त जरा लांब व्हावं.

असो, विषय आबांचा आहे. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत आबा खुर्ची सोडत नसत. चहासुद्धा टेबलावरच. जागा सोडणारा तिथेच फोन करतो, आणि तो कुणी उचलला नाही तर पाचला यादी बंद होते, जागा वर्षभर रिकामी राहते.

एक मिनिट हं. शेवटचा दिवस आजच आहे. आबा इथे. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम, तुम्ही दुसऱ्या रांगेत. शिपाईदादा फुलं घेऊन उभे. मग तिकडे कोण आहे? आणि समारंभ चारला ठेवू, असं मीच सुचवलं होतं. एकट्यानं वाट बघत बसवत नव्हतं म्हणून.

आबा, अहो, तुम्ही कुठे उठता? आज तुमचा सत्कार आहे. बसा, मी जातो. काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नसेल, सांगतो. आबा म्हणतात, "तू भाषण पुरं कर. पोरीच्या जागेचा फोन बापानं उचलायचा नसतो."

गेले. गुच्छ खुर्चीवर ठेवून गेले.

पाचला सतरा मिनिटं आहेत. रिकाम्या खुर्चीला निरोप कसा देतात, मला ठाऊक नाही. आबा, तुम्हाला कोरडा म्हणालो ते मागे घेतो. तिथवर ऐकू जात नसेल, तरी घेतो. आपण सर्वांनी माझं हे बोलणं सोसलंत, फार आभारी आहे. गोंधळात काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. आणि दाराजवळच्या ताई, दार तेवढं उघडं असू द्या. त्या फोनची घंटा इथपर्यंत ऐकू येते.