सत्तेचाळीस माणसं, सगळे हजर

—दार? होतं ना साहेब, या बॉम्बपासून लपायच्या तळघराला दार होतं. तुम्ही बॅटरी मारताय तिथंच. भिंतीतल्या या बिजागऱ्या काय शोभेला आहेत? लोटायला चार माणसं लागायची, असलं जाड लोखंड. रशियनांच्या राज्यातलं. तेव्हा आमच्यावर अमेरिकेचे बॉम्ब पडणार होते — शाळेत घंटा झाली की तोंडाला विषारी वायूचे मुखवटे लावून इथं खाली यायचो आम्ही. मग अमेरिका आमची झाली. झाली म्हणजे — परवापरवापर्यंत होती, आता म्हणे तुमचं तुम्ही बघा. मी बघते ना टीव्हीवर, लांबलचक टेबलाला बसतात मोठमोठी माणसं, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि सांगतात, युरोप जागा झाला. अहो, म्हणजे इतकी वर्षं घोरत होतात ना? रशियाची सीमा इथनं अकरा किलोमीटर. आम्ही ओरडून सांगत होतो, शेजारी बरा नाही. तर काय म्हणाले? म्हाताऱ्यांची जुनी भीती आहे. भीती जुनी म्हणे, आणि गॅस मात्र त्याच शेजाऱ्याकडचा चालत होता यांना.

मी? मी वेनेरांदा. या सांस्कृतिक भवनाची व्यवस्थापक मी, ग्रंथपाल मी, किल्लीवाली मी, आणि यंदाच्या वसंत ऋतूपासून गावच्या नागरी संरक्षणाची जबाबदार व्यक्तीही मीच — जिल्ह्याहून पत्र आलं, सोबत केशरी जाकीट आलं. शिट्टी पाठवतो म्हणाले होते, ती अजून वाटेत आहे.

तपासणीच्या कागदावर दाराचं काय लिहिताय? चोरीला गेलं लिहा. नको, मग पोलीस येतील. काढलं हो, चौऱ्याण्णव साली, रशियन फौज गेली तेव्हा. कुणी म्हणजे — गावानं. गावानं म्हणजे — आमच्या दोनात्सनं, नवरा माझा, ट्रॅक्टरच्या कारखान्यात वेल्डर होता. म्हणाला, वेने, लढाया संपल्या आता, हे लोखंड वाया कशाला घालवायचं? आणि त्याची स्नानघराची भट्टी केली त्यानं. तीस वर्षं दर शनिवारी त्या लोखंडावर दगड तापवून वाफ घेतोय आम्ही, निम्म्या गावानं घेतलीय. हसू नका. तुमच्या टेबलवाल्यांनी काय वेगळं केलं? त्यांच्याकडे रणगाडे होते, त्यांनी रणगाडे मोडीत काढले, आमच्याकडे दार होतं. दोनात्सची भट्टी निदान गरम तरी होते.

आणि ते विमान — बिनमाणसाचं, गाढवाएवढं — दलदलीत पडलेलं, ते ऐकलंत ना तिकडे राजधानीत, रिगाला? सापडलं कुणाला? आमच्या आपोलोनियाला, बोरं वेचताना, अगदी शेजारीच येऊन पडलं. वय ब्याऐंशी. तिनं फोन केला तर पलीकडची मुलगी विचारते, आजी, त्यावर नंबर आहे का बघा. ही म्हणाली, चष्मा घरी राहिलाय, पण माझी बादली त्याच्याखाली अडकलीय, ती ओढून काढू का? अडीच तासांनी सैन्य आलं. आणि संध्याकाळी मंत्री सांगतात, आपल्या आकाशावर आपली करडी नजर आहे. नजर आपोलोनियाची होती, तीही चष्म्याशिवाय.

सराव? त्याच आठवड्यात झाला की. अहवाल तुमच्या हातातच आहे — सत्तेचाळीस माणसं, चौदा मिनिटं, सगळे हजर. अख्ख्या जिल्ह्यात पहिला नंबर आमचा. भोंगा वाजला आणि आले सगळे, आपोलोनिया पनीर घेऊन, लिओकादिया मांजर आणि मेरीमातेची तसबीर घेऊन, बांधावरनं वीस वर्षं न बोलणारे दोघं एकाच बाकावर. मी यादी वाचली. एकेक नाव, एकेक खूण.

दोनात्स? आहे ना, बारावं नाव. खूण केलीय.

कुठं बसला होता म्हणजे? बसला होता — तिथं, कोपऱ्यात. खुर्ची होती एक.

पायऱ्या मोजल्यात का तुम्ही उतरताना? एकोणीस आहेत, आणि वळण आहे मध्ये. फेब्रुवारीत त्याची उजवी बाजू गेली. पलंगावरच असतो. भोंगा वाजला तेव्हा मी त्याला पेज भरवत होते. वाटी ठेवली, जाकीट चढवलं — जबाबदार व्यक्ती ना मी — तर त्यानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. सराव आहे रे, खोटा आहे, म्हटलं. त्याला ते कळेना. एकेक बोट सोडवावं लागलं मला, साहेब. वेल्डरचा हात तो, अजून ताकद आहे त्यात. आणि मग इथं उभी राहून मी नावं वाचली. बारावं आलं, तेही वाचलं. आपोलोनिया पनीराकडे बघायला लागली. मग लिओकादिया म्हणाली, हजर. आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

घरी गेले तर पलंग रिकामा. पलंगाखाली शिरला होता तो, उशी डोक्यावर धरून. पडला, का सरकत गेला, कोण जाणे. मला एकटीला उचलेना. म्हणून मीही शिरले आत, त्या जाकिटासकट, आणि पडून राहिले त्याच्याशेजारी, लिओकादियाचा मुलगा येईपर्यंत. तासभर.

तेव्हा तुम्हाला आताच सांगून ठेवते, खरा भोंगा वाजला तर मी काही खाली यायची नाही. यादी कोण वाचेल ते तुमचं तुम्ही ठरवा.

हे कशाला लिहिताय? हे लिहायचं नसतं, बाळा. खोड ते. खोड म्हणते ना. सत्तेचाळीस, सगळे हजर — वर पाठवलंय तेच राहू दे. तिकडे कुणाला दुसरं काही वाचायचंय?

चला, निघा आता. डोकं सांभाळा, तुळई खाली आहे. मला वर भवनाला कुलूप लावायचंय.