एक दिवसाआड

बहरीनमध्ये तुबलीच्या गॅरेजात गाडीचं ऑइल बदलेपर्यंत बसलो होतो. समोरच्या बाकावर एक मराठी जोडपं होतं. बाईंच्या मांडीवर पाण्याची बरणी, बरणीत दोन पाळीव बेडूक.

"प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकलंस ना, सुनंदा? आजार काही नाही. लठ्ठ झालेत."

"ऐकलं."

"एक दिवसाआड खायला घालायचं. तेही खाद्याच्या गोळ्या. अळ्या आठवड्यातून एकदाच."

"कश्मिरा अळ्या घालायची. मधूनच कोळंबीचा तुकडा."

"आपली लेक इथे होती तेव्हा हे सडपातळ होते. तू रोज घालतेस."

"घालावं लागतं."

"का? ओरडतात?"

"तिचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल येतो. यांना जेवताना बघायला."

"मग नुसते बसलेले बघू दे."

"परवा दाखवले. तळाशी दगडासारखे बसले होते. 'ओके आई, बाय' म्हणाली."

"बरं."

"हे दोन्ही हातांनी तोंडात कोंबायला लागले की हसते, मग बोलत राहते. तुमची बीपीची गोळी झाली का, तेही त्यातच विचारते."

"शुक्रवारी विचारलं होतं खरं."

"शुक्रवारी कोळंबी होती."

आतून मेकॅनिक ओरडला, "राजन सर, गाडी खलास! काम झालं!"

"चल, ऊठ. बरणी नीट धर."

"घरीच ना?"

"आधी रिफाला. बेडकांच्या दुकानात."

"गोळ्या आणायला?"

"गोळ्या, दुसरी टाकी आणि आणखी दोन बेडूक. एक दिवस हे जेवतील, एक दिवस ते."