फोटोची मागली बाजू

सरदारबी : मास्तर, पाण्यात घातल्यावर तोंडं पुसून जातील की सगळ्यांची!

गंगाधर मास्तर : नाही जाणार, सरदारबी. फोटो पाण्यातच धुऊन काढतात. पुठ्ठ्याची खळ तेवढी सुटेल. मात्र घाई नको. मकदूम, परात हलवू नकोस.

मकदूम : अकरा वर्सं बायकोला इचारतोय, एवढी घट्ट खळ आनली कुटनं?

सरदारबी : शेजारच्या मागावरनं. सुताला लावतात तीच. लढाईवरनं आलात ते हाडाचा सापळा हून, आन् ह्यो फोटो छातीशी. म्हनलं, फाटंल, पुठ्ठ्याला चिकटवावा. मागं काय लिवलंय हे मला सांगितलं व्हतं का कुनी?

मकदूम : तापात व्हतो, काय सांगनार? मागनं पात्यानं सोलाया गेलो, तर ह्यो कोपरा फाटला. मग हातच न्हाय लावला.

मास्तर : पाण्यानं सुटते ती, बाळा. आधीच यायचं नाही का माझ्याकडं? बरं, त्या गोऱ्या शिपायानं लिहिलं ते शाईनं की पेन्सिलीनं?

मकदूम : शिसपेन्सिलीनं. कानामागं खोचलेली असायची त्याच्या.

मास्तर : मग आशा आहे. पेन्सिल पाण्याला भीत नाही. ह्यातला तो कोणता?

मकदूम : ह्यो, टँकवर बसलेला. आमी लाल्या म्हनायचो. केस मक्याच्या कनसावानी. खाली डबा घिऊन उभा हाय तो मी. गाझ्याच्या वाळूत खेचरांवरनं त्यांच्या टँकांना पानी, पेट्रोल पोचवायचो. आत नुसती भट्टी, मास्तर. भाईर आला की डबा डोक्यावर ओतून घ्यायचा, आन् मग, हे बगा, हेच हातमोजे दावून लई हसायचा. आईनं इनलेले. त्या उनात लोकरीचे हातमोजे!

सरदारबी : आईला काय ठावं तिकडचं ऊन? तिला पोर गारठलेलंच दिसतं.

मकदूम : लढाईच्या सकाळी मोजे आन् फोटो माझ्या हातात कोंबला. 'मदर, मदर' एवढंच म्हनला. दुपारी टँक पेटला. दार उघडलंच न्हाय.

मास्तर : मग त्यांच्या अंमलदाराकडे का नाही दिलंस?

मकदूम : सांजच्याला तापानं पडलो. शुद्ध आली तवा मुंबईच्या बोटीत.

मास्तर : आणि त्याचं नाव कधीच विचारलं नाहीस?

मकदूम : गोऱ्याला नाव इचारतात व्हय? साहेब म्हनलं की झालं. आता गिरणीतले इंजनेर साहेब शनवारी विलायतेला निघालेत. म्हनाले, नाव घिऊन ये, आईचं घर हुडकून मोजे पोचवतो.

मास्तर : सुटला बघ. आता फडकं पसर.

(मास्तर फोटो फडक्यावर पालथा ठेवतात.)

सरदारबी : हाय का वो काही?

मास्तर : आहे. सगळं आहे! इंग्रजी आहे, मी मराठीत सांगतो. "आई, बघ, उन्हानं मी किती काळा झालोय. खाली डबा घेऊन उभा आहे तो मकदूम, सोलापूरचा. ह्याच्या पाण्यावर आम्ही जगतो. सोलापूर कुठं आहे ते नकाशात शोधून ठेव. मी आलो की मला दाखव. तुझा, जिम."

मकदूम : माझं नाव ठावं व्हतं त्याला?

मास्तर : गावासकट.

मकदूम : फुडं? आडनाव? त्याचं गाव?

मास्तर : पुढं काही नाही रे.

मकदूम : नीट बघा. कोपऱ्यात असंल.

मास्तर : पाहिलं, बाळा. आईला लिहिताना आडनाव कोण लिहितं?

सरदारबी : जिम म्हंजी... लई जनांचं नाव असतं का ते?

मास्तर : हजारोंचं असतं.

सरदारबी : मग शनवारी त्या साहेबाला काय सांगायचं?

मकदूम : मास्तर, परत एकदा वाचा की. 'आई'पासनं.