बाळकृष्णाचं तोंड

ऐका तर. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत एक सासू राहायची, ती मी. एक सून, अंबुजा. आणि माझा लेक विजय, त्याचं दुकान बुडालेलं. अंबुजा सोन्याचा वर्ख लावून चित्रं काढायची. त्यावरच घर चालायचं, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. एकदा चेन्नईहून एक बाई आल्या आणि गाल फुगवलेला बाळकृष्ण पाहून थबकल्या.

विजय लगेच म्हणाला, "शंभर वर्षांचं आहे. माझ्या पणजीनं काढलंय."

बाईंनी मला विचारलं, "खरं का, पाट्टी?" पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी.

विजय डोळ्यांनी खुणावत होता. मी म्हटलं, "त्याच्या पणजीला दारातली रांगोळी धड येत नव्हती. हे माझ्या सुनेनं गेल्या महिन्यात काढलंय. तोंड माझ्या नातीचं. उपमा वाढला की अस्संच फुगवते."

विजयनं कपाळाला हात लावला. बाई मात्र हसल्या. "मग माझ्या नातवाचं तोंड काढून द्याल?"

आता चेन्नईतल्या कितीतरी देवघरांत कुणाकुणाचे नातू लोणी घेऊन बसलेत. अंबुजाला मान वर करायला फुरसत नाही. विजय चित्रांना चौकटी ठोकतो. त्याच्या तोंडात खिळे धरलेले असतात, म्हणून गिऱ्हाइकाशी मीच बोलते.