ग्लोव्हज आहेत ना, मग?

हॅलो?… हां, द्रौपदीमावशी, दर्शनाच बोलतेय. कुठे आहात? इथे वृद्धाश्रमात भाजी चिरायचीय अजून… काय? जुलाब?… उलट्यापण? अगंबाई.

हो, हो… अहो ऐका ना. आजच्या दिवस या. भांडुप ते मुलुंड, रिक्षा करा. आज किचन तपासायला साहेब येणार आणि स्वयंपाकीणच गायब? माझी नोकरी जाईल, मावशी… आजी-आजोबांना लागण? ती कशी होईल? ग्लोव्हज आहेत ना.

नाही, नवे नाही. ते पाकीट साहेबांना दाखवायचंय, फोडायचं नाही म्हणून ट्रस्टींनी बजावलंय. तुमचे परवाचेच धुऊन दोरीवर वाळत घातलेत… हो, चिमटे लावून. मी स्वतः.

हात? ग्लोव्हज घातल्यावर हात कशाला धुवायचे?… साबण आहे की बेसिनवर. त्याला हात नका लावू फक्त, वेष्टनासकट ठेवलाय. छान दिसतो.

डॉक्टर काय, त्यांचं काय जातंय सांगायला… बरं, कणीक मी मळते. तुम्ही नुसती पेज आणि कोशिंबीर करा… हो, कोशिंबीर हवीच. काहीतरी ताजं दिसायला नको का साहेबांना?

रडू नका हो. मलाही वाईट वाटतं. पण धोंडूआजोबा सकाळपासून तुमच्या हातची पेज मागतायत… तेच. सलाईन कालच काढलंय. नाजूकच आहे तब्येत, म्हणून तर म्हणते, या.

येताय? शाब्बास… काय? कुठला नियम?… हो, आहे ना. वाढण्याआधी प्रत्येक पदार्थ मॅनेजरने खाऊन बघायचा. फळ्यावर मीच लिहिलाय… मग?… म्हणजे आज मी खायचं? साहेबांसमोर?… कोशिंबीरपण?

…

मावशी, तुम्ही रिक्षात बसलात का?… नाही ना? मग बसू नका. झोपा घरी… अहो, असं कसं? म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी खेळायचं का आपण?… नको, उद्याही नको. पूर्ण बरं वाटल्याशिवाय यायचंच नाही… साहेबांना ना? सांगते मी. आमच्याकडे आजारी माणसाला किचनचा उंबराही ओलांडू देत नाही, पहिल्यापासून. ठेवते हां, आले वाटतं ते.