कऱ्हाटीच्या टेकडीवरचं स्की रिसॉर्ट

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी स्की रिसॉर्ट काढलं, आणि तेही कऱ्हाटीत. मामा, म्हणजे माझे सासरे, गावचे डॉक्टर. कुफरीच्या सहलीत त्यांनी बर्फावरून घसरणारी माणसं पाहिली, तेव्हापासून पेशंटची नाडी धरूनही ते खिडकीतून आमच्या टेकडीकडे बघत बसायचे. दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळून निसरडं झालं, तसं त्यांनी सुताराकडून लांब फळ्या करून घेतल्या, खाली मेण घासलं आणि गावाला उद्घाटनाला बोलावलं.

गाव आलं, पण फळ्यांवर कुणी चढेना.

"डॉक्टर, पाय मोडला तर प्लास्टर तुमीच घालणार न्हवं?" शेजारच्या तात्यांनी विचारलं. "मग हे रिसॉर्ट हाय का दवाखान्याची शाखा?"

सगळे हसले. मामाही हसले, पण चेहरा एवढासा झाला. त्यांचे स्वतःचे गुडघे कधीच गेलेले. ते फळ्या उचलायला लागले, तशी मी चपला काढल्या.

"मामा, मी जाते."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. पिवळं गवत सरसर मागे पळत होतं, कानात नुसता वारा होता आणि मला वजनच उरलं नव्हतं. खाली बांधाजवळ पोचले तेव्हा मी उभीच होते.

वर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मी घाईनं डोक्यावरून पदर घेतला.

"अगं, पदराचं ऱ्हाऊ दे!" त्या ओरडल्या. "त्या फळ्या वर आण आधी. तुला गोल साडीत जमलं, मी तर काष्ट्यात हाय!"